आपल्याच दमावर चालणारं इंजिन

मी सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बोलतोय. माझी गाडी जर्मन, काळी, ऐसपैस. १९९६ साली ती हिंगोलीच्या हळदबाजारात पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा लोक सौदा अर्ध्यात सोडून तिच्याभोवती गोळा झाले. कोणी तिच्या काचेत मिशा पाहिल्या, कोणी दार उघडून गादी दाबली. मला मात्र कोणी विचारलं नाही. आम्हा इंजिनांचं असंच. बॉनेट उघडलं गेलं की समजावं, काहीतरी बिघडलंय.

माझी जातकुळी आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोल जळायला हवा लागते. माझा पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आपसूक आत येईल, तेवढ्यावर मी चालतो. बाहेरून जोर लावून हवा कोंबणारं यंत्र माझ्याकडे नाही. माझ्या दमावर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे.

हळदीचे आडते अमृतराव यांनी मला हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून घेतलं. गाडीवर ड्रायव्हर ठेवला मोहनसिंग. तो कळमनुरीकडच्या तांड्यावरचा, आधी ट्रक चालवायचा. सकाळी मला सुरू केलं की तो लगेच निघत नसे. डोळे मिटून ऐकत बसे. आवाजात तसूभर फरक पडला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. असा माणूस मिळाला की इंजिनालाही नीट वागावंसं वाटतं.

मोहनसिंगला एक मुलगी होती, शिला. हंगाम सरला की हळद वाळवायचं मैदान मोकळं व्हायचं. मालकांना विचारून तो तिला तिथं गाडी शिकवायचा. तिची आई बेबीबाई चिडायची.

"पोरीला गाडी काहून शिकवून राहिलात? लोक हासून राहिले ना!"

"हासू दे. तिचा पाय माह्यापेक्षा हलका हाये," मोहनसिंग म्हणायचा.

ते खरं होतं. शिलाचा पाय अॅक्सिलरेटरवर असा पडायचा, जसं कोणी झोपलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा.

२००३ साली अमृतरावांच्या दिपकचं लग्न झालं. त्याचे दोन दोस्त आपापल्या गाड्या घेऊन आले. हैदराबादच्या फहीमची गाडी इंग्रजी, तिच्या इंजिनाला सुपरचार्जर. इंदूरच्या रामप्रसादची गाडी युरोपातलीच, तिला टर्बो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांच्या डोक्यात आलं, कळमनुरीच्या पुढं सरळ सडकेवर तिन्ही पळवून पाहू.

लपवत नाही, मी हरलो. सपशेल हरलो. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा आत कोंबतो. त्यामुळे फहीमची गाडी पाय लागताच उसळली. त्यासाठी ती आपलीच ताकद खर्चते आणि पेट्रोल घटाघटा पिते, पण पुढे गेली ती गेलीच. टर्बो अधिक काटकसरी. नळीतून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो चाक फिरवतो आणि त्यानं हवा दाबतो. रामप्रसादची गाडी आधी जरा आळसावली, मग मागून कोणी ढकलावं तशी सुटली. मी धूळ खात मागून पोचलो.

फहीम दिलदार. बापासोबत आलेल्या शिलालाही त्यानं आपली गाडी चालवू दिली, मग रामप्रसादनंही दिली. ती उतरल्यावर मोहनसिंगनं विचारलं, "कशा हायेत?"

"फहीमभाईची पाय ठिवायच्या आधीच पळती. रामप्रसादभाऊची आधी इचार करती अन् मग ढुशी देती."

"अन् आपली?"

"आपली जेवढं मागितलं तेवढंच देती, बा."

"म्हणूनच मागं राहिली," रामप्रसाद म्हणाला आणि सगळे हसले. शिलाही हसली. मला मात्र ते लागलं.

त्याच दुपारी मांडव उतरवायचं काम चाललं होतं. एक बांबू अडकला म्हणून मोहनसिंग शिडीवर चढला. शिडी सरकली आणि तो दगडी ओट्यावर पाठीवर पडला.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मणक्याला मार आहे. पायात अजून जाणीव आहे, पण जोराचा हिसका बसला तर ती जाईल. ताबडतोब नांदेडला न्या." अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली होती.

"बेटा, मेरी गाडी ले चलो. सबसे तेज है," फहीम म्हणाला.

"माझी गाडी त्याच्यापेक्षा मऊ आहे," रामप्रसाद म्हणाला.

अमृतरावांनी शिलाकडं पाहिलं. "पोरी, तू सांग. बाप तुझा हाये."

शिलाचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज हलला नाही. "रामप्रसादभाऊ, तुमी म्होरं जा. मोकळ्या सडकेवर तुमच्या गाडीला कोणी गाठणार न्हाई. दवाखान्यात डॉक्टर तयार ठिवा. फहीमभाई, तुमची गाडी पटकन उसळती. तुमी माह्या म्होरं राहा, ट्रक बाजूला काढा. माह्या बाला मी आपल्याच गाडीत नेते. तिचा हिसका मला ठाव हाये, तिला हिसकाच न्हाई."

दिपकनं पुढची डावी सीट काढली, मागच्या सीटपर्यंत फळी टाकली आणि मोहनसिंगला तिच्यावर बांधून निजवलं. बेबीबाई मागं त्याचं डोकं धरून बसली. शिलानं किल्ली फिरवली.

सडक काय सांगू! खड्डे, डांबर उखडलेलं, कडेला खडीचे ढीग. शिला खड्डा लांबून हेरायची आणि पाय असा उचलायची की वेग कधी उतरला ते फळीला कळू नये. मीही तिच्या पायाबरहुकूम चढत होतो, उतरत होतो. पुढं फहीम हॉर्न वाजवत ट्रकांच्या फटीत घुसायचा, हात बाहेर काढून त्यांना कडेला व्हायला लावायचा.

आखाडा बाळापूर मागं पडलं. वारंगा फाट्याच्या अलीकडं एक लांबलचक ट्रेलर पुढं लागला. फहीम निघून गेला. त्याच्यामागं शिलाही ओलांडायला निघाली, अर्ध्यात पोचली, आणि समोरच्या वळणातून एसटी आली. मागं यायचं तर करकचून ब्रेक लागणार.

"शिले," फळीवरून मोहनसिंग बोलला. त्याला छताशिवाय काही दिसत नव्हतं, पण तो मला ऐकत होता. "ब्रेक नको. दाब."

"दाबते, बा."

"सावकाश दाब. पर सोडू नको."

तिनं दाबलं. मी हवा ओढली. जन्मापासून कधी ओढली नव्हती इतकी ओढली. एकदम उसळी नाही, मागून ढुशी नाही. पाय जसा खाली गेला तसा मी चढत गेलो, चढत गेलो, आणि सहाही सिलिंडर एका सुरात गाऊ लागले. ट्रेलरचं तोंड मागं गेलं. एसटी शेजारून सणाणत गेली. फळी जागची हलली नाही.

"बराबर," मोहनसिंग म्हणाला. बेबीबाई पदर तोंडात धरून रडत होती.

नांदेडला दवाखान्याच्या फाटकात रामप्रसाद स्ट्रेचर आणि डॉक्टर घेऊन उभा होता. डॉक्टरांनी मोहनसिंगच्या तळपायाला टोचलं. "अंगठा हलवा." अंगठा हलला. तेव्हा कुठं शिलानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुंदका दिला.

ऑपरेशन झालं. कित्येक महिन्यांनी मोहनसिंग काठी घेऊन चालू लागला. कोणी माझी फार स्तुती केली की म्हणायचा, "एकटीचं काम न्हाई ते. एकीनं निरोप नेला, एकीनं वाट काढली, एकीनं मला नेलं." मला ते मान्य आहे. तरी 'एकीनं मला नेलं' म्हणताना त्याचा आवाज बदलायचा, तेही मी ऐकलंय.

त्याला पुन्हा गाडी चालवता आली नाही. अमृतरावांनी किल्ली शिलाच्या हातात दिली. बाजारात कुजबुज झाली, मग थांबली. पुढे गाडीचा पत्रा गंजला, माझे सुटे भाग मिळेनात. तोवर शिला हिंगोलीच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकू लागली होती, वर्गात एकटीच मुलगी. अमृतरावांनी मला आयटीआयला देऊन टाकलं. पोरांना आतलं दिसावं म्हणून मला कापायचं ठरलं. कोण कापणार म्हणून सरांनी विचारलं, तेव्हा तीच पुढं आली.

"माह्याशिवाय कोणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. करवत लावण्याआधी तिनं माझ्यावर क्षणभर तळहात ठेवला. मला भीती वाटली नाही.

तिनं तीन सिलिंडर कापून उघडे केले, तीन शाबूत ठेवले. आता मी लोखंडी घडवंचीवर उभा आहे, हँडल फिरवलं की पिस्टन हलतात. आम्हा तिन्ही प्रकारांतला फरक आता पोरांना माझ्यावर समजावून सांगतात, आणि मी कान देऊन ऐकतो.

परवा शिला मोहनसिंगला घेऊन आली. त्यानं आयुष्यभर मला ऐकलं, पण आतून कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ तो वाकून पाहत राहिला. मग शाबूत सिलिंडरच्या हवेच्या तोंडावर त्यानं तळहात धरला. शिलानं हँडल फिरवलं. पिस्टन खाली गेला, आणि त्याचा तळहात आत ओढला गेला.

"अगं शिले," तो लहान पोरासारखा हसला, "अजून ओढून राहिलंय!"

व्हय मोहनसिंग, ओढून राहिलोय. ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही कधी हिंगोलीला आलात तर या. हात लावून बघा.