नजूलवरचा ओटा

"काका, फीत परत धरायची का?" मोजणीला आलेल्या अवंती मॅडमनी विचारलं. फितीचं एक टोक सीमेच्या दगडावर होतं, दुसरं गुलाबरावांच्या उंबऱ्याशी. सरकारी हद्द थेट उंबऱ्याला लागत होती आणि दारापुढचा ओटा अख्खाच्या अख्खा पलीकडे निघाला होता.

"परत काहून? मोजलं ते मोजलं," गुलाबराव म्हणाले.

सरकारच्या मालकीच्या मोकळ्या जमिनीला जबलपुरात नजूल म्हणतात. नेपियर टाउनच्या मागच्या अशाच एका मैदानाची गुलाबरावांनी नोकरीभर चौकीदारी केली. आधी ओटा, मग पत्रा, मग भिंत, मग दुकान, ही अतिक्रमणाची बाराखडी त्यांना पाठ होती. ओटा दिसला की ते ऑफिसात सांगून यायचे. कुणी दगडाला शेंदूर फासून देव बसवला, तर तो उचलतानाही त्यांचा हात कचरत नसे. सरकारचं मैदान शाबूत राहिलं, आणि गुलाबरावांना वस्तीत जय भीम घालणारंही कुणी उरलं नाही.

त्यांच्या बायकोचं, भागीरथाचं, मात्र सगळ्यांशी जमायचं. शेवटच्या आजारपणात तिला घरात कोंडल्यासारखं व्हायचं. "माणसं दिसू द्या मले," म्हणायची. तेव्हा गुलाबरावांनी घाईघाईने दारापुढे ओटा बांधला. सीमेचा दगड गवतात गडप झाला होता. जन्मभर दुसऱ्याच्या अंदाजाला भीक न घालणाऱ्या माणसाने स्वतःचा अंदाज मात्र खरा धरला. आपला तो बाब्या, दुसरं काय.

भागीरथा गेली, ओटा राहिला. त्यावर रोज सकाळी अंजनी येऊन बसायची. दोन घरं सोडून राहायची, भागीरथाची मैत्रीण. गुलाबरावांनी तिची चहाची टपरी दाखवून दिली आणि ती तुटली, तेव्हापासून ती त्यांच्याशी चकार शब्द बोलत नसे. पण ओट्यावर यायची सवय तिने सोडली नव्हती. मटार सोलायची, मेथी निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोलायची. गुलाबराव आत चहा पीत ऐकत बसायचे. दिवसभरात त्या घराजवळ माणसाचा आवाज तेवढाच. तो बंद झाला तर आपण काय करू, हा विचारही त्यांना नको वाटायचा.

"राहू द्या काका," अवंती मॅडम फीत गुंडाळत म्हणाल्या. त्या मूळच्या नाशिकच्या, इथल्या नजूल ऑफिसात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. "एवढ्याशा ओट्याने कुणाचं काय बिघडतंय? मी काही बोलत नाही."

"मॅडम, अंजनीची टपरी बी एवढीशीच होती. मीच दाखवली होती."

"मग आता?"

"मी तोडतो ना. तुम्ही चला समोर."

दुपारी त्यांनी शेजारून घण मागितला नाही. मागितला तरी मिळाला नसता. पहारीने एकेक वीट सुटी केली. भागीरथा टेकून बसायची तो कोपरा सगळ्यात शेवटी काढला, आणि तिथे त्यांना रडू आलं. आपण स्वतःचाही ओटा तोडला, हे अंजनीला दिसावं असं त्यांना फार वाटत होतं. तिने काही बोलावं, निदान "ठीक किया" एवढं तरी.

सकाळी अंजनी टोपली घेऊन आली आणि विटांच्या ढिगापाशी थांबली.

बाहेर आता गुलाबरावांची वीतभरही जागा नव्हती. त्यांनी दाराच्या आतच खुर्ची मांडली, फडक्याने पुसली.

"अंदर बैठो ना," ते म्हणाले. "चाय बन रही है."

अंजनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "अकेले आदमी के घर में कैसे बैठूँ, भैया? दीदी होतीं तो बात और थी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

टोपली कमरेवर घेऊन ती परत फिरली. तिच्या दारापर्यंत ती दिसत होती, तोवर गुलाबराव दारातच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी उतू चाललेल्या चहाखालचा गॅस बंद केला.