मास्तरांची डबल बेल

मित्रांनो, मी एक जुनी तिकीटपेटी आहे. ॲल्युमिनियमची, वीतभर रुंद, दोन्ही बाजूंना पोचे आलेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी पेटी पाहिलीही नसेल. आता एसटीच्या कंडक्टरजवळ बटणांचं यंत्र असतं आणि त्यातून कुरकुर करत कागदाची पट्टी बाहेर येते. त्या पट्टीवरची अक्षरं आठ दिवसांत उडून जातात. माझ्या पोटातल्या तिकिटांची शाई पावसात भिजली तरी हटत नसे. मी थोडी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते कराडचं बसस्थानक आणि धनाजी मास्तरांचा हात. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. माझ्यात सात खण होते आणि प्रत्येकात वेगळ्या रंगाचा तिकिटांचा गठ्ठा. मास्तर तिकीट फाडायचे, चिमट्याने त्याला भोक पाडायचे आणि तोच चिमटा माझ्यावर टकटक वाजवत गर्दीतून पुढे सरकायचे. गाडी थांबवायची असेल तर घंटीची दोरी एकदा ओढायची, ती एक बेल. गाडी सोडायची असेल तर दोनदा ओढायची, ती डबल बेल. दोरी तुटलेली असली की मास्तर माझ्यावरच चिमटा आपटून बेल द्यायचे आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरला ती बरोबर ऐकू जायची.

आमची गाडी कराड-जत. दुपारी जतला पोचलं की दोन तास मुक्काम असे. बाकीचे कंडक्टर बाकावर आडवे व्हायचे. आमचे मास्तर मात्र कॅन्टीनमागच्या लिंबाखाली बसायचे, मला मांडीवर आडवी ठेवायचे, माझ्यावर कागद पसरायचे आणि लिहायचे. काय लिहायचे माहीत आहे? रहस्यकथा. मित्रांनो, अशी एक नाही, दोन नाही, नऊ पुस्तकं त्या माणसाने माझ्या पाठीवर लिहिली.

त्याची सुरुवात एका प्रवाशाने केली. त्याने कराडला विट्याचं तिकीट काढलं आणि तो अलीकडे कडेगावलाच उतरला. पैसे विट्याचे दिले आणि उतरला कडेगावला, असं का, या एका प्रश्नाने मास्तरांना महिनाभर झोप लागू दिली नाही. त्या माणसाला विचारायची सोय नव्हती, तो पुन्हा कधी दिसला नाही. मग मास्तरांनी स्वतःच उत्तर रचलं आणि त्याची पहिली कादंबरी झाली. पुढेही त्यांना सगळं गाडीतच सापडलं. रिकामं पोतं जपून नेणारी बाई, दर गुरुवारी एकाच सीटवर बसणारे आणि एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ, असे लोक ते डोळ्यांनी टिपून ठेवायचे.

लिहिताना त्यांना लिंबू पिळलेला कोरा चहा लागायचा आणि मूठभर भाजलेल्या शेंगा. कागद पाठकोरेच हवेत, नव्या कोऱ्या कागदावर त्यांचा हात चालत नसे. गोष्टीत भूत आणलं की लेखक हरला, असं त्यांचं मत होतं. खून झाला तरी रक्त सांडायचं नाही, कारण पहिली श्रोती त्यांची बायको अंजनाबाई, आणि तिला रक्त ऐकवत नसे. निवृत्तीनंतर तर आणखी मजा झाली. सगळं आयुष्य हलत्या गाडीत गेलेलं, त्यामुळे घरातल्या स्थिर खुर्चीवर बसून त्यांना एक ओळ सुचेना. शेवटी त्यांनी एक पाय आखूड असलेली खुर्ची शोधून आणली. ती डुगडुगायला लागली की त्यांची लेखणी चालायची. मुलाने, प्रबुद्धने, एकदा त्या पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकून दिला, तर मास्तर चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

मला मात्र त्यांनी डेपोतल्या साहेबांची रीतसर परवानगी घेऊन कडेगावच्या घरी आणलं होतं. आता माझ्या सहा खणांत तिकिटांऐवजी चिठ्ठ्या असायच्या. कादंबरीतल्या सहा संशयितांची सहा नावं. सातव्या खणात चिमटा. शेवटचं प्रकरण लिहायला बसले की मास्तर एकेका संशयिताला निर्दोष ठरवायचे आणि त्याच्या चिठ्ठीला भोक पाडायचे. "उतरला," असं पुटपुटायचे. भोक पडलं म्हणजे तो माणूस गाडीतून उतरला, सुटला. जो शेवटच्या थांब्यापर्यंत गाडीत राहिला तो गुन्हेगार. ही त्यांची खास पद्धत होती आणि ती त्यांनी कधीही, अगदी अंजनाबाईंनाही सांगितली नाही. माझ्या झाकणाला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

दहावी कादंबरी आमच्याच गाडीची होती. कराडला बसलेला एक सराफ जतला उतरतच नाही, गाडीतून नाहीसा होतो. वाटेत गाडी फक्त एकदा, एका उजाड माळावर, बंद पडलेली असते. गाडीत असतात सराफाचा जावई, एक वकील, एक नर्स, एक पोस्टमन, बिराप्पा नावाचा मेंढपाळ आणि ड्रायव्हर. हा बिराप्पा मास्तरांनी खऱ्या माणसावरून घेतला होता. जतला एका उन्हाळ्यात, पाण्याचा टँकर चार दिवस आला नव्हता तेव्हा, एका मेंढपाळाने स्वतःच्या बाटलीतलं पाणी मास्तरांना दिलं होतं. त्या माणसाला पुस्तकात मानाने बसवायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

गेल्या फाल्गुनातल्या एका सकाळी मास्तरांनी शेवटचं प्रकरण सुरू केलं. बिराप्पाची चिठ्ठी काढली, भोक पाडलं. "उतरला," म्हणाले. चिठ्ठी खणात ठेवली, चहासाठी उठले आणि खुर्चीसकट कोसळले.

अर्धांगवायूचा झटका होता. कराडच्या दवाखान्यात वीस दिवस काढून त्यांना कडेगावला घरी आणलं, तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, मान सावरत नव्हती, वाचा गेली होती. डावा हात तेवढा अधूनमधून हलायचा. त्यांना कितपत समजतंय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता काहीच समजत नाही. लोक त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल बोलायचे, जसं एखाद्या कपाटाबद्दल बोलावं.

पण हे मला नंतर कळलं. कारण मी तेव्हा घरात नव्हतेच. पुढच्या खोलीत मोठी खाट लावायची म्हणून प्रबुद्धने खोली रिकामी केली होती. डुगडुगती खुर्ची गेली, पत्र्याचा डबा गेला आणि मीही गेले. भंगारवाल्याच्या गाडीत एका फुटक्या बादलीवर बसून मी विट्याच्या रस्त्याला लागले.

मित्रांनो, भंगाराचा अड्डा तुम्ही लांबून पाहिला असेल. आतून तो फार वाईट असतो. माझ्या डाव्या हाताला एक कुकर होता. कोंडीबा नावाच्या तिथल्या माणसाने त्याला दगडावर ठेवला आणि हातोड्याने चपटा केला. मग तांब्या, मग कढई. ॲल्युमिनियमची गाडी सोमवारी भट्टीकडे जायची होती. मरणाची भीती मला वाटलीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मी त्या सहा चिठ्ठ्यांसाठी तडफडत होते. ओरडावंसं वाटत होतं, पण पेटीला तोंड कुठलं असायला?

तिकडे सांगलीहून मास्तरांची मुलगी आली. प्रियंका सांगलीत एका वाचनालयात काम करते आणि वडिलांचं हस्तलिखित तीच टाइप करते. तिने पानं मोजली, शेवटचं प्रकरण चार ओळींवर थांबलेलं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पप्पांची पेटी कुठं हाय?" प्रबुद्धचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नाही हो. वडिलांसाठी जागा करताना त्याने वडिलांचीच वस्तू बाहेर काढली, एवढंच. तो तसाच मोटारसायकलवर बसला, अड्ड्यावर पोचला आणि भर उन्हात दोन तास भंगाराचा ढीग उपसत राहिला. मी सापडले तेव्हा हातोडा माझ्यापासून दोन भांडी लांब होता.

मला वाटलं, सुटले. पण खरे हाल तर पुढेच होते.

प्रियंकाने माझं झाकण उघडलं. पाच चिठ्ठ्या साध्या, एकीला भोक. आता हे एसटीतल्या माणसाचं घर. त्या घरात भोक पाडलेलं तिकीट म्हणजे पक्कं तिकीट, आणि बिनभोकाचं म्हणजे न खपलेलं, हे पोरांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. प्रियंकाने भोक पडलेली चिठ्ठी उचलली आणि म्हणाली, "बिराप्पा. पप्पांनी बिराप्पाला पक्का केलाय."

नाही, नाही, नाही. मी आतल्या आत फुटत होते. अगं, तो सुटलाय, सगळ्यात आधी तोच सुटलाय. ज्याने तहानेच्या दिवसांत पाणी दिलं त्याला तुम्ही खुनी करताय. पण माझा आवाज कुणाला जाणार? प्रियंका रोज सकाळी वडिलांच्या खाटेजवळ बसून लिहायची. तिला घाई होती. वडील फार दिवसांचे सोबती नाहीत हे तिला दिसत होतं आणि त्यांच्या कानांवर पुस्तक पूर्ण झालेलं पडावं, एवढीच तिची इच्छा होती. आठ दिवसांत तिने प्रकरण पुरं केलं. सांगलीचे प्रकाशक आप्पासो यांना फोन झाला, सोमवारी छपाईला घ्यायचं ठरलं.

रविवारी सकाळी तिने ते वाचून दाखवलं. मला तिने मास्तरांच्या डाव्या हाताशी, खाटेवर ठेवलं होतं, जुनी सोबतीण म्हणून. पोलीस बिराप्पाला बेड्या घालतात त्या वाक्यापाशी मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. प्रबुद्ध म्हणाला की पप्पांना बरं वाटलेलं दिसतंय. प्रियंकाने त्यांचे डोळे पुसले आणि पुन्हा वाचू लागली. मित्रांनो, इतकं एकटं कुणी असू नये. एक जिवंत माणूस आपल्याच माणसांच्या मधोमध बुडत होता आणि ती माणसं प्रेमाने त्याचे डोळे पुसत होती.

तेवढ्यात त्यांची डावी मूठ उचलली गेली आणि माझ्या झाकणावर पडली. ठण्ण.

"हात उडाला," प्रबुद्ध म्हणाला. प्रियंका थांबली, मग पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा मूठ पडली. ती थांबली की मूठ थांबायची, ती वाचायला लागली की पडायची. दर वेळी एकच ठोका.

अंजनाबाई आतल्या खोलीत पीठ मळत होत्या. त्या तशाच, पिठाच्या हातांनी दारात आल्या. तीस वर्षं त्या कंडक्टरच्या घरात राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ए पोरी, वाचू नगंस. एक बेल हाय ही. थांब म्हंत्यात ते."

अंजनाबाई खाटेपाशी वाकल्या. "आवं, आयकू येतंय का तुमाला? समदं समजतंय? समजत असंल तर डबल द्या."

ठण्ण. ठण्ण.

अंजनाबाईंनी पिठाच्याच हातांनी तोंड झाकून घेतलं. प्रबुद्ध भिंतीला टेकून खाली बसला. महिनाभर त्याने वडिलांसमोरच, किती दिवस काढतील, हे पाहुण्यांशी बोलून घेतलं होतं. प्रियंका मात्र त्या बापाची मुलगी. तिने चिठ्ठ्या काढल्या आणि गुन्हेगार कोण ते एकेक नाव घेऊन विचारू लागली. बिराप्पा? एक ठोका. जावई? एक. वकील? एक. नर्स आणि पोस्टमन, एकेक. शेवटची चिठ्ठी तिने जवळजवळ कुजबुजत वाचली. ड्रायव्हर?

ठण्ण. ठण्ण.

"गाडी बंद पडली," प्रियंका स्वतःशीच म्हणाली. "गाडी कुठं बंद पडायची ते ड्रायव्हरच ठरवणार. सगळे प्रवासी एकमेकांकडं बघत बसले, पुढं कुणी बघितलंच न्हाई." भोक पडला तो सुटला, हे बिराप्पाच्या चिठ्ठीवरून आता तिच्या ध्यानात आलं होतं. मग तिने चिमटा उचलला आणि वडिलांकडे पाहून उरलेल्या चौघांच्या चिठ्ठ्यांना एकेक भोक पाडलं. ड्रायव्हरची चिठ्ठी तेवढी कोरी राहिली. आप्पासोंना फोन करून तिने छपाई थांबवली.

त्यानंतर सोळा दिवस मास्तर माझ्यातून बोलले. चहा हवा का, पंखा लावू का, दुखतंय का, सगळं एक बेल आणि डबल बेल. प्रबुद्धने माफी मागितली तेव्हाही त्यांनी डबल दिली. पण हात दिवसेंदिवस जड होत होता. सोळाव्या दिवशी प्रियंकाने नवं प्रकरण वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर बिराप्पा माळावर उभा राहून ड्रायव्हरला नेणाऱ्या पोलिसांच्या गाडीकडे बघतो आणि आपल्या बाटलीतलं पाणी कंडक्टरला देतो. वाचून झालं. सगळे त्या हाताकडे बघत राहिले.

मूठ कशीबशी उचलली गेली आणि पडली. ठण्ण.

एकच. प्रियंकाचा चेहरा पांढरा पडला. तिने कागद मिटले. अंजनाबाईंनी नवऱ्याच्या हाताखाली आपला हात नेला, पण उचलला नाही, नुसता ठेवला. पंख्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने त्या बोटांना पुन्हा हालचाल झाली, आणि माझ्या झाकणावर एवढासा, नखाचा म्हणावा असा आवाज आला.

दुसरी बेल होती ती. मी शपथेवर सांगते.

मास्तर त्या आठवड्यातच गेले. पुस्तक आलं आहे. मी प्रियंकाच्या टेबलावर आहे आणि माझे खण रिकामे आहेत. मित्रांनो, तुमच्या दारात भंगारवाला हाक मारेल तेव्हा जुनी वस्तू त्याच्या हातात देण्याआधी तिचं झाकण एकदा उघडून बघा. आणि तुमच्या घरात कुणी खाटेला खिळलेलं, वाचा गेलेलं माणूस असेल, तर त्याला काही समजत नाही असं एवढ्या लवकर ठरवू नका. त्याच्या हाताशी वाजेल असं काहीतरी ठेवा, आणि वाजलं तर किती वेळा वाजलं ते मोजा.