हातोडी थांबवा जरा

बाइंडर मुळातच तापट माणूस. चाळीस वर्षं त्यानं लोकांची पुस्तकं बांधली, पुट्ठ्यावर सोनेरी अक्षरांत लोकांची नावं उमटवली. एक अक्षर वाकडं बसलं तरी सबंध पुट्ठा फाडून टाकायचा. आणि त्याच्याच बायकोची गोष्ट इंटरनेटवर भलत्याच बाईच्या नावानं! डोकं फिरणार नाही तर काय होणार?

झालं होतं असं. जायच्या आदल्या वर्षी बायकोनं नातीसाठी एक गोष्ट रेकॉर्ड केली होती. स्वतः रचलेली, एका हरवलेल्या छत्रीची. लेकीनं ती इंटरनेटवर टाकली. पुढे आई गेली आणि लेकीला ते पान उघडवेना, म्हणून एक दिवस तिनं खातंच बंद करून टाकलं. आता दोन वर्षांनी नात मोबाइल घेऊन दुकानात धावत आली. "आबा, आजी!" आवाज आजीचाच, वर नाव मात्र कुणा 'गोष्टीवाल्या मावशी'चं. ऐकणारे लाखावर.

बरं, चोरीसुद्धा धड केली नव्हती. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मागून ठकठक ऐकू येते आणि बायको वैतागून म्हणते, "अहो, हातोडी थांबवा जरा!" मग स्वतःच खुदकन हसते. ती हातोडी बाइंडरची. आणखी कसला पुरावा हवा?

"बाबा, तक्रार करू या," लेक म्हणाली.

बाइंडरनं कंबर कसली. आठवडाभर दुपारी खळीचं भांडं बाजूला सारून तो गोष्ट ऐकायचा आणि तक्रारीसाठी शब्दन् शब्द वहीत उतरवायचा. 'अहो' आलं की मागे नेऊन पुन्हा ऐकायचा. पुराव्यासाठी हं, दुसरं काही नाही! तक्रार गेली आणि मावशीबाईंची मेल आली: चूक झाली, खाली तुमच्या मिसेसचं नाव टाकते, चालेल का?

"खाली?" बाइंडर कडाडला. "नाव वर असतं! काढून टाका म्हणावं सगळं. एक शब्द ठेवू नका तिचा."

बुधवारी कंपनीचं उत्तर आलं. तक्रार मान्य. गोष्ट काढून टाकली, मावशीचं खातंही बंद.

"जिंकलो!" बाइंडर लेकीला म्हणाला. "आता आपली टाक. वर तिचं नाव, चांगलं ठळक."

लेक बघतच राहिली. "आपली तुमच्याकडे आहे ना, बाबा? माझी तर खात्याबरोबरच गेली."

"माझ्याकडे कुठली? मला वाटलं, तुझ्याकडे असेल."

जगात तिच्या आवाजाची एकच प्रत उरली होती, ती त्या चोराकडे. आणि ती यानंच भांडून पुसायला लावली होती. एवढा तापट माणूस, पण खुर्चीत बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. कंपनीला विचारलं तर म्हणे, काढलेलं परत मिळत नाही.

वही तेवढी उरली. सगळे शब्द होते तीत, 'इथे हसते' हेसुद्धा लिहिलेलं होतं.

शेवटी त्यानं लेकीला मावशीच्या त्या मेलला उत्तर लिहायला बसवलं. "लिही. ताई, माझं चुकलं. तुमच्याकडे कुठे एखादी प्रत राहिली असेल तर परत टाका. मी तक्रार करणार नाही." तो थांबला. "नाव तुमचंच असू द्या. वर, ठळक."

"पाठवू?" लेकीनं विचारलं.

बाइंडरनं होकारार्थी मान डोलावली.