गायीसाठी ओवी

माहेरची गाय सासरी आणावी, पण जिनशेजारी बांधू नये. पुष्पाबाईचं नेमकं तेच झालं. यावलकडच्या आबांनी लेकीला दिलेली कपिला जळगावात आली आणि बांधली गेली कापसाच्या जिनला लागून. सकाळचा भोंगा झाला की भिंतीपलीकडे असा खडखडाट उठायचा, की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये! गाय बिचारी थरथरायची आणि पान्हा चोरायची.

नवरा लोटन चिडका नव्हता, पण कोरड्या चरवीपुढे तो किती दिवस बसणार? "शनवारना बजारमा इकी टाकसू," तो म्हणाला. या घरात माहेरचं म्हणावं असं पुष्पाबाईला तेवढंच एक होतं.

खडखडाट दबावा म्हणून तिने गायीच्या गळ्यात घुंगरमाळ बांधून पाहिली. गाय तिलाही बुजली. शेजारचे भिकनभाऊ म्हणाले, "अव पोरी, जात्याची घरघर अन् गोड गळा कानी पडला, तर गाय जिनला इसरून जाईल."

जातं गोठ्याला लागूनच होतं. गोड गळाही घरातच होता, सासूचा, ताईबाईंचा. पण त्यांची लेक कुंदा दोन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत गेली, तेव्हापासून त्या मुक्यानेच दळायच्या. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, आत्याबाई, गायीसाठी गा?

शनिवारी सकाळी लोटन शेवटचं म्हणून गाय दोहायला बसला आणि पुष्पाबाई स्वतःच जात्यावर बसून गाऊ लागली. आवाज म्हणाल तर फुटक्या डफड्यासारखा! गायीने लाथ झाडली, चरवी कलंडली. लोटनने कपाळाला हात लावला. पुष्पाबाई रडत रडत गातच राहिली.

"बस कर व माय! गाय दावं तोडीसन पळी जाई!" ताईबाई आतून कडाडल्या. तरातरा आल्या, सुनेसमोर बसल्या, खुंट्याला हात घातला आणि गळा मोकळा केला.

"घास घालते जात्याला, टपोऱ्या जोंधळ्याचा,
खुंट्याशी शोभतो गं, हात कुंदाच्या चुड्याचा."

नाव ओठांवर आलं आणि आवाज अडला. जातं थांबलं. जिनचा खडखडाट पुन्हा कानांवर आदळला, गायीने पाय उचलला. म्हातारीची जखम आपण उघडी केली, असं वाटून पुष्पाबाई कळवळली.

"राहू द्या आत्याबाई," ती म्हणाली. "जाऊ दे गाय."

"गप व!" ताईबाईंनी पदराने डोळे पुसले, मूठभर दाणे जात्यात टाकले आणि तीच ओळ पुन्हा धरली.

"खुंट्याशी शोभतो गं, हात पुष्पाच्या चुड्याचा."

चरवीत पहिली धार वाजली. मग दुसरी. लोटन मान वर न करता दूध काढत राहिला. पुष्पाबाईला समोरचं काही दिसत नव्हतं, ती नुसती खुंटा ओढत होती.

आठाचा भोंगा झाला. मजूर भाकरीला उठले, जिन थांबलं. आता गायीला गाण्याची काही गरज नव्हती. ताईबाई मात्र गातच होत्या.