पुतळीचं नाव अंबिका

मित्रांनो, मी एक जुनी पुतळी आहे. देवळातली नव्हे, कापडाच्या दुकानातली. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात अण्णारावांच्या दुकानात काचेआड मी सोळा वर्षं उभी होते. अण्णाराव रोज सकाळी मला नवी साडी नेसवायचे, निऱ्या हातानं चापून बसवायचे. बाया रस्त्यात थबकून म्हणायच्या, "हिच्या अंगावरचीच दाखवा." तेव्हा मला धन्य वाटे.

पुढं गालाचा रंग उडाला. दुकानात चकचकीत नव्या पुतळ्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. दोन वर्षं धुळीत पडून होते. एके दिवशी औशाच्या एका गणेश मंडळाचा अध्यक्ष सुदाम आला आणि मला टेंपोत घालून घेऊन गेला. पुन्हा माणसांत जायचं म्हणून मी किती हरखले होते!

त्या वर्षी मंडळाच्या देखाव्याचा विषय होता बाबाचा आश्रम. बारा वर्षांपूर्वी भोकरकडच्या एका आश्रमात बाबाच्या सांगण्यावरून नऊ माणसांनी विषारी तीर्थ घेतलं आणि ती गेली. टीव्हीवर त्याची मालिका झाली. मोबाईलवर विनोद निघाले. कुणी वेड्यासारखं वागलं की लोक विचारायचे, "तीर्थ घेतलंस का रे?" सुदामनं ते सगळं बघूनच देखावा रचला होता. मला जमिनीवर आडवं टाकलं, केस विसकटले, तोंडाला फेस म्हणून कापूस चिकटवला. वर पाटी लावली, 'मूर्खांचा मेळा'. शेजारी सुळे लावलेला बाबा, आणि स्पीकरमधून त्याचं राक्षसी हसू ऐकू यायचं. गर्दी लोटली. लोक हसत, माझ्याशेजारी वाकून फोटो काढत. एवढी माणसं मला बघत होती, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक साठीची बाई आली. बराच वेळ उभी राहिली. मग दोरी ओलांडून आत आली, माझ्यापाशी बसली आणि पदरानं माझ्या तोंडावरचा कापूस पुसून काढू लागली.

"ओ मावशी, हात नका लावू!" सुदाम धावत आला.

"हिचं नाव काय हाय?"

"नाव कशाला? भक्तीण हाय ती."

"अंबिका हाय तिचं नाव. माझी धाकटी बहीण."

सुदामचा चेहरा उतरला. स्पीकर मात्र हसतच होता. देखाव्याची संहिता लिहिणाऱ्या शिक्षिका उज्वलानं पळत जाऊन तो बंद केला आणि बाईंना खुर्ची दिली. त्या नागाबाई. लेकीकडे औशाला आल्या होत्या.

"अंबिका खुळी न्हवती," त्या म्हणाल्या. "साऱ्या गल्लीची पत्रं लिहायची. तिचं लेकरू चार महिन्यांचं होऊन वारलं. घरात त्याचं नाव कुणी काढू देईनात. बाबानं पहिल्यांदा विचारलं, बाई, लेकराचं नाव काय होतं? तिथंच ती गुंतली. मग हळूहळू फोन सुटला, माहेर सुटलं. मी दोनदा आणायला गेले. तिसऱ्यांदा रागानं गेले न्हाई."

"मावशी, लोकांनी धडा घ्यावा म्हणूनच केलं होतं," सुदाम पुटपुटला.

"हसणाऱ्याला धडा मिळत न्हाई, बाबा. त्याला वाटतंय, आपुन हिच्यापेक्षा लई शहाणे."

कार्यकर्ते कुरकुरले. गर्दी खेचणारा देखावा मोडायचा कसा?  सुदामनं शिडी लावली आणि स्वतःच्या हातानं पाटी उतरवली.

दुसऱ्या दिवशी पडदा उघडला तेव्हा मी उभी होते. हातात पिशवी, पाऊल घराच्या उंबऱ्याबाहेर. पलीकडे बाबा, सुळे नसलेला, गोड बोलणारा. आवाज नागाबाईंचा. शेवटी त्या एवढंच म्हणत, "मी तिसऱ्यांदा जायला पायजे होतं."

गर्दी निम्मी झाली. देखाव्याचं बक्षीस दुसऱ्या मंडळानं नेलं. पण शेवटच्या दिवशी विठाबाई नावाची एक भाजीवाली दोनदा देखावा बघून गेली आणि तिसऱ्यांदा लेकाला घेऊन आली. सून सहा महिन्यांपासून कुठल्याशा महाराजांच्या मठात होती. "आपुन उद्याच जाऊ," ती लेकाला म्हणाली, "भांडायचं न्हाई. नुसतं बसू तिच्यापाशी." दिवाळीच्या आधी ती सून घरी आली. मठात तीनदा जावं लागलं, असं विठाबाईनंच मंडळात येऊन सांगितलं.

आता मी उज्वलाच्या शाळेत असते. गावोगावी त्या देखाव्याचे प्रयोग होतात. परवा भोकरला झाला. गेलेल्या नऊ जणांच्या घरची माणसं पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसली आणि आपापल्या माणसाचं नाव मोठ्यानं बोलली. नागाबाई तर अंबिकाचा एक खोडकर किस्सा सांगताना पोटभर हसल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू टाकून देऊ नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणाच्या मरणाची गोष्ट रंगवायला घ्याल, तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी त्याच्या घरी जा. चहा घ्या. ती माणसं सांगतील ते ऐका.