एमजीची खांदशेकणी

नत्थूजींची अट एकच होती. पोळ्याच्या दिवशी गाडी स्वतःच्या इंजिनावर अल्लीपूरच्या तोरणाखालून गेली, तर ती भूपेंद्रची. ढकलावी लागली, तर परत कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, कोठ्यात.

"माह्या बापाची तोरणापाशीच बंद पडली होती," ते म्हणाले होते. "साऱ्या गावानं हासत हासत ढकलली. दुसऱ्या दिवशी बापानं ती कुटारात गाडली."

भूपेंद्र बोरगाव मेघेतला ट्रॅक्टर मेकॅनिक. त्याने कुटार उपसलं तेव्हा आधी तारांचं चाक दिसलं, मग लांबलचक बोनेट, मग दोनच माणसं मावतील एवढी बैठक. विलायतेत १९४८ साली बनलेली एमजी. त्याला तिथेच हसू फुटलं आणि पुढची दोन वर्षं ते थांबलं नाही. कार्बोरेटर दोन, त्याने ते चाळीस वेळा खोलले. पत्र्याखालचा लाकडी सांगाडा वाळवीने खाल्ला होता. आष्टीच्या एका बैलबंड्या करणाऱ्या सुताराने तो सागवानात नवा करून दिला. वर हिरवा रंग चढला, आणि गाडी चक्क चालू लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने ती चालवत आणून नत्थूजींच्या अंगणात लावली. खांदशेकणीची संध्याकाळ होती. बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बैलांचं आटोपून नत्थूजींच्या बायको रुख्माबाई वाटी घेऊन गाडीपाशी आल्या.

"भाऊ, हिचा खांदा कोनता?"

"खांदा?"

"सारं वज्जं कोनावर हाय?"

भूपेंद्रने हौसेने बोनेट उघडलं. "हा पट्टा पाहा काकू. पंखा, पान्याचा पंप, डायनामो, सारं हाच वढते."

एवढं सांगून तो हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी बैलांच्या रांगेत लागली. दिव्यांना बाशिंग, मागे झूल, शेजारी कडक इस्त्रीचे नत्थूजी. पुढच्या जोडीचा लहानू वळून ओरडला, "काऊन भूपेंद्रभाऊ, तुह्या बैलाले दात किती?"

"दात नाई बाप्पा, सिलिंडर! चार!"

अख्खी रांग हसली. भूपेंद्रला वाटलं, आपण आता सीटवरून उडून तोरणाला लटकू. तेवढ्यात बोनेटखालून किंचाळी आली. बैलांनी कान टवकारले. मग रेडिएटरच्या टोपणातून वाफेचा फवारा निघाला.

"बैलाले ताप आला रे!" लहानू म्हणाला आणि चौघांनी ढकलायला बाह्या सावरल्या.

तोरण पन्नास पावलांवर. नत्थूजी हळूच म्हणाले, "पुन्हा?"

"हात नोका लावू कोनी!" भूपेंद्रने इंजिन बंद केलं.

"बंद पडली!" लहानू नाचला.

"पडली नाई बे," नत्थूजी कडाडले. "त्यानं केली!"

बोनेट उघडताच कढवलेल्या तुपाचा वास आला. पट्टा पिवळाधमक, लखलखीत. तो जागेवर नुसता घसरत होता. ना पंखा फिरत होता, ना पंप.

"काकू!" त्याने बघ्या बायकांच्या घोळक्याकडे हाक मारली.

"काऊन वरडून राह्यला? तूच तं म्हनला, हाच वढते! दोनदा चोपडलं म्या!"

भूपेंद्र मडगार्डवर कोसळून हसू लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. रुख्माबाई मात्र कधीच घराकडे पळाल्या होत्या. रवीला चिकटलेलं लोणी त्या रोज जिने घासून काढत, ती चुलीतली राख त्यांनी सुपातून आणली. तोरणापाशी झडत्या, म्हणजे पोळ्याची चटकदार कवनं, रंगल्या होत्या, एकेकजण लांबण लावत होता. तेवढ्या वेळात त्यांनी पट्टा राखेने खसाखसा घासला आणि नत्थूजींच्या नव्या दुपट्ट्याने पुसला. वाफ बसल्यावर भूपेंद्रने बैलांच्या बादलीतलं पाणी बेताबेताने ओतलं.

झडत्या संपल्या आणि रीतीप्रमाणे तोरण मधोमध तुटलं. बैल उधळले. भूपेंद्रने स्टार्टर ओढला. एकदा नुसतं घरघरलं, दुसऱ्यांदा चारही सिलिंडर बोलले. गाडी धुळीतून, घुंगरांतून, तोरणाच्या लोंबत्या आंब्याच्या पानांखालून गेली. नत्थूजी काच धरून उभेच राहिले होते आणि लहान पोरासारखे ओरडत होते, "थांबू नोको! थांबू नोको!"

भूपेंद्र कशाला थांबतो? गावाला तीन फेरे मारूनच गाडी अंगणात आली.

"घे, गाडी तुही," नत्थूजी म्हणाले. "पन मी उतरून राह्यलो नाई."

रुख्माबाईंनी बोनेटवर पुरणपोळी ठेवली, आवतन दिलं होतं ना. मग पदर खोचला.

"उतरा मुकाट्यानं. पट्टा कोनं घासला?"