हवेचा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. बोर्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे परीक्षा येते, नाहीतर दुकानावरची पाटी. तसला नव्हे. मी पाण्यावरचा, विंडसर्फिंगचा बोर्ड. माझ्यावर काठी उभी करून तिला शीड लावतात. शिडाला एक आडवा दांडा असतो. तो दोन्ही हातांनी धरून माणूस माझ्या पाठीवर उभा राहतो आणि मग वारा आम्हा दोघांना घेऊन जातो. म्हणजे, न्यायचा. सध्या मी एका गॅरेजमध्ये मोटारीच्या जुन्या टायरवर आडवा पडलेलो आहे आणि माझ्या पाठीवर एक फुगवटा आहे. त्या फुगवट्याचीच ही हकिगत. ऐकायची असेल तर ऐका, नाहीतर तुमची मर्जी.

माझा जन्म कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या आणि डोळ्यांत जाणारा वास. आतून मी साधा फोम आहे. नव्या टीव्हीच्या खोक्यात पांढरे ठोकळे येतात ना, त्यांचाच थोरला भाऊ. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर रेझिनचा चिकट थर, मग घासणं, परत रेझिन, परत घासणं. शेवटी तोंडाला फडकं बांधलेल्या कारागिरानं बोटाच्या पेरानं माझ्या अंगावर ठिकठिकाणी टकटक केली. खणखणीत वाजलं तर आतलं आणि बाहेरचं एकमेकांना धरून आहे, भद्द वाजलं तर कारभार आटोपला. मी सगळीकडे खणखणीत वाजलो. मग त्यानं माझ्या पाठीत एक स्क्रू बसवला आणि मला न्यायला आलेल्या बाईंना समजावलं, की पाण्यात उतरताना हा घट्ट बंद करायचा, नाहीतर पाणी आत शिरतं. घरी आणला की सैल करायचा, कारण उन्हानं आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. बस, एवढंच माझं पथ्य.

बाई तलावावर विंडसर्फिंग शिकवत. त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान आले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान. गुडघाभर पाण्यात उतरायची वेळ आली तरी त्यांना घाम फुटायचा, पण स्क्रूचं नाव निघताच ते पुढे सरसावले. म्हणाले, स्क्रू माझ्याकडे, माझा सगळा जन्म त्यातच गेलाय. तेव्हापासून वाटणी ठरली. तलावावर बाईंनी बंद करायचा, घरी चष्मेवाल्यांनी उघडायचा. चष्म्याचा चिमुकला स्क्रू-ड्रायव्हर मला चालत नसे, म्हणून त्यांनी खास माझ्यासाठी एक जाडजूड स्क्रू-ड्रायव्हर आणून गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवला होता.

वाऱ्याचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. लोक काठावर उभे राहून बाईंकडे बघायचे आणि आपोआप माझ्याकडेही. मी ताठ असायचो.

पण दर वर्षी वारा पडायचा. तलाव परातीतल्या पाण्यासारखा निपचित व्हायचा, ऊन मी म्हणायचं आणि बाईंची सुट्टी सुरू व्हायची. तुम्हाला सुट्टी म्हणजे मजा वाटते. वाटू दे. बाई आधी झोप काढायच्या, मग कपाटं आवरायच्या आणि कपाटं संपली की घरच्यांचं डोकं खायच्या. समोरच्या घराच्या दोरीवरची चादर हलते का, हे बघायला दिवसातून कितीदा तरी खिडकीशी जायच्या. दांडा धरून धरून तळहातांना पडलेले घट्टे महिनाभरात मऊ होऊन सोलून निघायचे. एकदा ते हात बघून त्या चक्क रडल्या. नणंदबाई आलेल्या होत्या. त्यांना काही कळेना. वारा नाही म्हणून कुणी रडतं का गं, असं म्हणून त्या चहा प्यायला लागल्या.

चष्मेवाल्यांना मात्र कळलं होतं. त्यांनी मला टायरवर ठेवलं, म्हणजे मी पाण्यावर असल्यासारखा डुगडुगायला लागलो. शीड न लावता नुसती काठी आणि दांडा उभा केला. दांड्याला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून ते समोर बसले, पालथ्या बादलीवर. तेच वारा. रोज दुकान बंद करून आले की हा कार्यक्रम. बाई विचारायच्या, आज वारा कुठून? ते म्हणायचे, स्वयंपाकघराकडून, जरा कांद्याचा वास आहे. मग हळूहळू ओढायचे, बाई मागे रेलून तोल धरायच्या, आणि हे गृहस्थ पेपर वाचण्याचं सोंग करून मध्येच असा हिसका द्यायचे की बाई धाडकन अंगावर यायच्या. मग दोघंही हसत सुटायची. वारा परत आला की बाईंचे पाय काही विसरलेले नसायचे. खरं सांगू? तलावावरच्या वाऱ्यापेक्षा मला हा चष्मेवाला वारा आवडायचा.

हे सगळं चांगलं चाललं होतं ना? चांगलं चाललेलं माणसांना बघवत नाही, माझं हे ठाम मत झालं आहे. चष्मेवाल्यांनी दुसरं दुकान काढलं. घरी यायला उशीर, आल्यावर पाठ धरलेली. त्या वर्षी वाऱ्याचा शेवटचा दिवस संपवून बाईंनी मला घरी आणलं आणि गॅरेजमध्ये ठेवलं. स्क्रू बंद. संध्याकाळी तो उघडणारा माणूस येणारच होता. तो आला, पण टेम्पो घेऊन आला, आणि टेम्पोत व्यायामाची सायकल होती. जागच्या जागी चालवायची, पुढे पडदा, पडद्यावर आकडे. चष्मेवाले खुशीत होते.

"आता तुला कुणाची गरज नाही," ते म्हणाले.

चांगल्या मनानं म्हणाले हो. मी होतो तिथे. पण बाईंनी आधी सायकलकडे पाहिलं, मग पालथ्या बादलीकडे पाहिलं आणि नुसतं बरं म्हटलं. सायकलला जागा हवी म्हणून चष्मेवाल्यांनी मला ओढायला घेतलं. माझं नाक फरशीला घासलं.

"माझ्या बोर्डला हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.

राग माझ्या नाकाचा नव्हता, हे बोर्डला कळलं, नवऱ्याला कळलं नाही. बाईंनी एकटीनं मला उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. चष्मेवाल्यांनी खिळ्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता. त्यांनी तो परत खिळ्याला अडकवला. बाई धरून चालल्या की राग ओसरल्यावर हा येईल आणि उघडेल, इतकी वर्षं उघडतोच आहे. चष्मेवाले धरून चालले की हात लावायचा नाही म्हणजे नाही. दोघंही शहाणी माणसं, आणि मी पत्र्याखाली बंद.

पत्रा तापला की आतली हवा मला ढकलायची. रात्री जरा दम खायची, दुपारी पुन्हा तेच. भिंतीपलीकडून सायकलची घरघर ऐकू यायची. आधी रोज, मग अधूनमधून, मग बंदच. नंतर कळलं की तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले होते. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. पण बाईंचा आवाजही बंद झाला. भांडण नाही, कपाटं आवरणं नाही, दुपारी बारालासुद्धा पडदे ओढलेले. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या म्हणे. ताकदीला काय झालं होतं? अशाच एका दुपारी माझ्या पाठीत कट्ट झालं आणि कातडं फोमपासून सुटलं. बाईंचे पाय जिथे असायचे, नेमकं तिथेच.

वारा आला. समोरची चादर फडफडली असणार, कारण बाई धावतच शेडमध्ये आल्या. किती बारीक झाल्या होत्या! त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि तो फुगवट्यावर थांबला. त्यांनी पेरानं टकटक केली. मी भद्द वाजलो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. चष्मेवाले मागून येऊन उभे राहिले.

"स्क्रू उघडला नाहीस?"

"तूच म्हणालीस, हात लावू नकोस."

"इतकी वर्षं माझं एक ऐकलं नाहीस," बाई म्हणाल्या, "आणि हेच ऐकलंस?"

नवा बोर्ड आला. त्याचा स्क्रू बाईच बंद करतात, बाईच उघडतात. तो जाड स्क्रू-ड्रायव्हर आता त्यांच्या पिशवीत असतो आणि खिळा मोकळा आहे.

मला टायरवर परत आणलं, कारण फुगलेल्या बोर्डला दुसरं काम नाही. माझे आता बाराही महिने बिनवाऱ्याचे. यंदा वारा पडला तेव्हा बाईंनी काठी उभी केली, दांडा लावला आणि दोरीचं टोक भिंतीतल्या हुकाला बांधलं. हूक बिचारा इमानदार आहे, पण तो नुसता धरून ठेवतो. बाई रेलून उभ्या राहतात, दोरी ताठ होते आणि पुढे काहीच होत नाही. काल चष्मेवाले लवकर आले. दारात थांबून त्यांनी दोरी पाहिली, हूक पाहिला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बादली तिथेच होती. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का? बाई म्हणाल्या, हो. ते आत गेले. मला तोंड नाही म्हणून, नाहीतर मी दोघांनाही चार शब्द सुनावले असते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी म्हणायचं असतं, की आम्हाला जपा. माझं राहू द्या, मी जपण्यापलीकडे गेलो. पण तुमच्या घरात कुणाचा वारा पडला असेल, कुणी उगाच खिडकीशी जाऊन उभं राहत असेल, तर त्याला यंत्र आणून देऊ नका. हात लावू नकोस म्हणालं, तरी संध्याकाळी एकदा विचारून बघा. आमच्याकडची दोरी अजून हुकालाच आहे. गाठ साधी आहे, एका ओढीत सुटते. दोघांनाही ते माहीत आहे.